जानकीच्या नळ्या

गंधकाला पाणी आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. गंधक कुटा, चाळा, पिठासारखा बारीक करा आणि पाण्यावर टाका. तो वरच्या वर पसरून बसेल, तास गेला तरी ओला म्हणून व्हायचा नाही. आणि आंब्याच्या मोहोरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडली की बागायतदाराला हवा असतो तो पाण्यात कालवून पंपाने फवारता येईल असा गंधक. मग या हट्टी पिठाला पाण्याची गोडी लावायची कशी? त्यात एक पातळ औषध मिसळतात. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात सगळे त्या औषधाला नुसतं ‘साबण’ म्हणत. तो साबण मिसळून झाला की पावडर खरोखर पाणी पिते की नाही, हे ठरवायचं काम जानकी मेस्त्रीकडे होतं.

काम म्हटलं तर सोपं. काचेची वीत-दीड वीत लांब नळी, दोन्ही तोंडं उघडी. खालच्या तोंडाला मलमलीचा गोल तुकडा दोऱ्याने बांधायचा, वरून पावडर भरायची आणि नळी लाकडी पाटावर हलक्या हाताने शंभर वेळा ठोकायची, म्हणजे पावडर सारखी बसते. मग ती पाण्याच्या ताटलीत उभी करायची आणि घड्याळाचा खटका दाबायचा. पाणी कापडातून आत शिरतं आणि पावडरीतून आपलं आपण वर चढतं. नळीवर लाल खूण असते. वीस मिनिटांच्या आत पाणी खुणेला पोचलं तर बॅच पास, नाही तर नापास. बस्स, एवढंच. पण ठोकणारा हात घाईचा असला की पाच नळ्या पाच वेगवेगळ्या वेळा सांगतात. जानकीच्या पाच नळ्या एकच वेळ सांगायच्या.

तिचे साहेब म्हणजे केमिस्ट चंद्रप्रकाश वैद्य. माणूस मऊ. साध्या रजेच्या अर्जावर सही करतानासुद्धा तीनदा वाचणारा. पण जानकीच्या आकड्याखाली डोळे मिटून सही करायचा. ‘जानकीबाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,’ असं ते चार लोकांत म्हणत, आणि जानकी पदर सावरत दुसरीकडे बघायची. मनातून मात्र फुलून जायची. जाणारच की! मॅट्रिकला गणितात गचकलेली बाई ती. आकड्यांनी तिला जन्मात पहिल्यांदा मान दिला होता.

आणि ती वीस मिनिटं! त्यांच्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही, पण सबंध दिवसात तिची अशी तेवढीच होती. कोरडी पावडर लिंबाच्या सालीसारखी फिकी, भिजलेली हळदीसारखी गडद. दोन्हींच्या मधली रेघ वर जाते, पण जाताना दिसत नाही. टक लावून बघावं तर हलत नाही, आणि जरा नजर ढळली की केसभर वर सरकलेली. जानकी स्टॉपवॉच हातात घेऊन बघत बसायची आणि बघता बघता माहेरी, आचऱ्याला पोचायची. आचऱ्याच्या घरामागे विहीर होती, विहिरीला चिऱ्याचा कठडा. कळशी टेकवली की तिच्या बुडाची ओल चिऱ्यातून अशीच हळूहळू पसरायची. लहानपणी ती तिथे तासन् तास बसायची. ओल कुठवर जाते, ते बघायची. कुठवर जायची? आई हाक मारायची तिथवर. मागे पावडर मिसळायच्या ड्रमचा घरघराट, नाकात गंधकाचा वास, गंधकाने काळी पडलेली पायातली चांदीची जोडवी, आणि बाई विहिरीपाशी. गंमत म्हणजे रेघ खुणेला टेकली की अंगठा आपोआप खटका दाबायचा. एकदाही चुकला नाही.

घरी असं स्वप्नात जायची सोय नव्हती. घर घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. नवरा सीताराम सोळा वर्षं परळच्या एका गिरणीत ब्लीचिंग खात्यात होता. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि त्या दिवसापासून तो दारातल्या पायरीवर बसला. दारू नाही, शिवीगाळ नाही, काही नाही. नुसता गप्प. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस गं, तुझा माणूस त्रास देत नाही. जानकीला वाटायचं, एकदा तरी भांडी आपटावीत यानं! दोन वर्षांत त्याने गिरणीचं नाव काढलं नव्हतं. घर चालायचं ते जानकीच्या पगारावर, आणि तीसुद्धा टेम्पररी. ‘एप्रिलमध्ये पर्मनंट करू,’ असं मॅनेजर म्हणाले होते.

हे चौऱ्याऐंशीच्या जानेवारीतलं. कोकणात मोहोर फुटलेला, देवगड-रत्नागिरीहून मागणीवर मागणी, आणि नेमकी लॅबची मलमल संपली. स्टोअरवाला म्हणाला, ‘लिहिलंय वर. येईल तेव्हा येईल.’ नळ्या तर थांबायच्या नाहीत. जानकीने घरची ट्रंक उघडली. तिच्यात दहा वार पांढरट कापड होतं, संपाच्या आधीच्या दिवाळीला सीतारामने गिरणीच्या दुकानातून आणलेलं. गावच्या देवळात वाहायचं म्हणून ते तसंच ठेवलं होतं, घडीही न मोडता. देवाला द्यायचं ते कोरंच द्यायचं. एकदा पाण्यात बुडालं की ते वापरलेलं झालं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिने देवाची मनात माफी मागितली, कडेची पट्टी फाडली आणि बटाट्याच्या चकत्यांसारखे गोल तुकडे कापून डबीत भरून नेले. घरचं, नवं, कुणाचा हात न लागलेलं. याहून स्वच्छ ते काय असणार?

त्या आठवड्यातली पहिली बॅच नापास झाली. वीस मिनिटं झाली, तीस झाली, पाणी नळीच्या बुडाशीच घुटमळत राहिलं. जानकीने पाच नळ्या लावल्या. पाचही नापास. आठवड्याभरात दुसरी बॅच नापास, तिसरीही नापास. वैद्यसाहेबांनी तिन्ही कागदांवर सह्या केल्या.

मिसळायचा ड्रम एकच आणि तो चालवणारा माणूसही एकच, खंडू जाधव. मूळचा साताऱ्याकडचा, राहायला गोवंडीला. पस्तिशीचा, काटक, कामापुरतं बोलणारा, जानकीसारखाच टेम्पररी. मान खाली घालून यायचा, मान खाली घालून जायचा. खांद्याला एक फुगीर पिशवी असायची. मॅनेजरांचा हिशेब सरळ होता. स्टोअरमधून साबण पुरता निघतो, तरी पावडर भिजत नाही, म्हणजे साबण मधल्या मधे जातो. कुठे जातो? त्या साबणाने कपडे झकास निघतात, हे कारखान्यात कोणाला ठाऊक नव्हतं? बाहेर कोणीही घेतला असता.

वैद्यसाहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘जानकीबाई, तुमची खिडकी गेटवर उघडते. खंडूच्या पिशवीत काय असतं हो?’

‘दोन डबे असतात,’ जानकी म्हणाली. आणि तिथेच थांबायचं सोडून पुढे बोलली, ‘एका माणसाला दोन डबे कशाला लागतात, कोण जाणे.’

एवढंच बोलली बाई. खोटं एक अक्षर नाही. पण बोलताना मनात काय होतं, ते तिचं तिला ठाऊक होतं.

शनिवारी सुटताना गेटवर खंडूची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. डबे खणखणत खाली पडले. एक रिकामा. दुसऱ्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. ‘इथून सुटलो की साकीनाक्याच्या वर्कशॉपात रात्रपाळी करतो मी,’ खंडू म्हणाला. ‘तिथलं जेवण ते.’ वॉचमनने डब्याला नाक लावलं आणि खाली ठेवला. मॅनेजर म्हणाले, आज नसेल, आधी नेला असेल. चौकशी होईपर्यंत येऊ नकोस. खंडूने वाकून भाकरी उचलली, झटकली, डब्यात ठेवली. ‘माल पुरता टाकलाय मी,’ तो म्हणाला. कोणाला उद्देशून नाही, तिथल्या हवेला सांगितल्यासारखं. जानकी वर खिडकीत उभी होती. ती स्वतःलाच म्हणाली, आकडा खोटं बोलत नाही.

रविवारी दुपारी ती पुन्हा ते कापड घेऊन बसली. डबीतले तुकडे संपले होते. कात्रीने कडेला चीर दिली आणि टरकन पट्टी फाडली. तो आवाज ऐकून पायरीवरच्या सीतारामने मान वळवली.

‘कित्याक फाडतंस गो तां?’

दोन वर्षांत त्याने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न! ‘कामाक होया,’ ती म्हणाली. ‘नळयेक बांधूक.’ आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं. नळी कशी, पावडर कशी ठोकायची, पाणी कापडातून आत शिरून कसं वर चढतं. इतक्या दिवसांत हे त्याला कधी सांगितलंच नव्हतं, हे सांगताना तिच्या ध्यानात आलं.

सीताराम ऐकत होता. मग हसला. खरंच हसला, दात दिसेपर्यंत. ‘अगो, ह्या कापाड पाणी पितला? कोरां हा तां!’

तो उठून आत आला, तांब्यात बोट बुडवलं आणि तिने मांडीवर ताणून धरलेल्या कापडावर एक थेंब सोडला. थेंब बसला. गोल, टपोरा, जागचा हलेना. सीतारामने कापड तिरकं केलं तशी तो घरंगळत कडेला गेला आणि जमिनीवर पडला. कापडावर डागसुद्धा नाही.

‘बघ,’ तो म्हणाला, आणि बोलायलाच लागला. कापसाला स्वतःचं मेण असतं. शिवाय विणण्याआधी सुताला खळ लावतात, त्या खळीत चरबी असते. गिरणीत हे कापड त्याच्या खात्यात यायचं तेव्हा पाण्यावर टाकलं तरी तरंगायचं. मग माणूस आत उभा राहील एवढ्या टाक्यांत, सोडा घालून, आठ-आठ तास उकळायचं. वाफेत समोरचा माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. सकाळी ते ओलं कापड टाकीतून बाहेर निघायचं, मैलभर लांब, आणि वाळलं की त्याचा तुकडा सीतारामकडे यायचा. ‘मी काय करी, म्हायत हा? थेंब टाकी. एक म्हणीसर थेंब आत गेलो तर पास. नाय गेलो तर कापाड परत उकळूक. सोळा वर्सां थेंबच टाकत होतंय मी.’

जानकी त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर कोणाचा तरी रेडिओ लागला होता, दुपारचं ऊन पायरीवरून आत सरकत होतं, आणि त्या उन्हात तिचा नवरा बोटाने थेंब सोडत होता, एकामागून एक. एकाच घरात दोन माणसं, दोघंही पाणी आत शिरतं का ते बघायची नोकरी करणारी, आणि एकमेकांना पत्ता नाही. किती वेळ ते तसे बसले कोण जाणे. त्या कापडाच्या पांढऱ्या शेतात थेंब ओळीने उभे होते आणि एकही आत शिरत नव्हता. तिला वाटलं, असंच बसून राहावं. हा बोलत राहावा, आपण ऐकत राहावं, सोमवार उजाडूच नये.

आणि तेव्हा तिला कळलं. म्हणजे मघाशीच कळलं होतं. आता नाकारता येईना. पावडर चांगली होती. पाणी पावडरीपर्यंत पोचलंच नव्हतं.

‘तुमी आधी बोलल्यात कित्याक नाय?’ ती ओरडलीच.

‘तू विचारलंस खंय?’ सीताराम म्हणाला.

पदरात तोंड घालून ती ढसाढसा रडली. तिने खंडूचं सांगितलं, दोन डब्यांचं सांगितलं, भाकरी झटकून उचलल्याचं सांगितलं. ‘आता मी सांगलंय तर माझी नोकरी जातली. मगे आपण खावया काय?’

सीताराम उठला. परत पायरीवर जाऊन बसणार, असं तिला वाटलं. पण त्याने स्टो पेटवला, मोठं पातेलं चढवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि ते कापड, देवाचं कोरं कापड, घडी मोडून त्यात बुडवलं. दोन तास तो लाकडाने ढवळत उभा होता. घरभर वाफ झाली. जानकी बघत होती. तिने अडवलं नाही.

सोमवारी ती वैद्यसाहेबांपुढे उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा उतरला. आपल्या तीन सह्या त्यांना दिसत होत्या. दार लोटून ते हळूच म्हणाले, ‘हे बघा, पुढच्या बॅचला उकळलेलं कापड बांधा. पास होईल. सगळं आपोआप मिटेल. खंडूचं मी बघतो पुढेमागे. कशाला वाट लावून घेता स्वतःची? एप्रिलला पर्मनंट होताय.’

मोह झाला नाही असं नाही. झालाच. ती दाराच्या कडीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘साहेब, पुढची बॅच पास झाली तर लोक म्हणतील, बघा, खंडू गेला आणि साबण पुरायला लागला.’

वैद्यसाहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांनीच मग जाऊन मॅनेजरांना बोलावून आणलं, एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

जानकीने दोन नळ्या लावल्या. एकीत डिसेंबरमधली, पास झालेली जुनी पावडर, खाली रविवारी फाडलेल्या पट्टीतलं कोरं कापड. दुसरीत खंडूची नापास पावडर, खाली सीतारामने उकळलेलं कापड. दोन्ही शंभर-शंभर वेळा ठोकल्या. मोजणी चुकली नाही. खटका दाबला. तिघंही स्टुलांवर बसून बघत राहिले. मॅनेजर आधी घड्याळ बघत होते, मग तेही नळीकडे बघायला लागले. त्या रेघेचं असंच असतं, कोणालाही धरून ठेवते. एका नळीत पाणी बुडाशी बसून राहिलं. दुसरीत हळदी रंग चढत गेला, चढत गेला, आणि सतराव्या मिनिटाला लाल खुणेला टेकला. त्या वेळी जानकी आचऱ्याला नव्हती, कुठेच नव्हती, तिथेच होती.

मॅनेजर उठले. मग जे बोलले ते थोडक्यात. तिन्ही बॅचेस पाठवा. खंडूला बोलवा. तुमचं पर्मनंटचं पुढच्या वर्षी बघू. आणि लॅबमध्ये घरचं काहीही आणायचं नाही, समजलं? जानकीने मान हलवली. नोकरी गेली नव्हती.

मंगळवारी खंडू आला. तोवर कारखानाभर जानकीचं कौतुक चाललं होतं: बाईने स्वतःची चूक स्वतः सांगितली, कोण सांगतं हो आजकाल! जेवणाच्या सुट्टीत तो लॅबच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

‘बाई, कापडाचं कळलं. ते झालं. चूक कोणाचीही होते,’ तो म्हणाला. ‘पण माझ्या पिशवीचं वर कोणी सांगितलं? वॉचमन शपथ घेतो, मी नाही म्हणून. रविवारी माझ्या पोरीने विचारलं, बाबा, तुम्ही चोरलं का? मला नाव पाहिजे.’

नाव वैद्यसाहेब सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि ते कधी बोलले नसते. आणि दोन दिवसांचं ते कौतुक, ते अजून कानात होतं.

‘मी,’ जानकी म्हणाली. ‘मी सांगितलं. कापडाकडे बघायचं माझ्या मनातच आलं नाही, खंडूभाऊ. ते आमच्या घरचं होतं. तुमच्याकडे बोट दाखवताना मात्र मला एवढासुद्धा वेळ लागला नाही. माझं चुकलं. फार चुकलं.’

खंडू रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. ‘बरं झालं सांगितलंत,’ तो म्हणाला. ‘मी उगाच वॉचमनशी बोलणं टाकलं होतं.’ आणि ड्रमकडे निघून गेला.

त्यानंतर प्रत्येक बॅचचा नमुना तो स्वतः घेऊन वर यायचा आणि पाणी खुणेला पोचेपर्यंत टेबलाशी उभा राहायचा. जानकी प्रत्येक वेळी आधी कापडावर थेंब टाकून त्याला दाखवायची, मगच नळी बांधायची. प्रत्येक वेळी त्याच्यासाठी स्टूल पुढे करायची, म्हणायची, ‘बसा, खंडूभाऊ, वीस मिनिटं आहेत.’ तो ‘असू दे’ म्हणायचा. जानकी पुढच्या वर्षी पर्मनंट झाली, खंडूही झाला. पेढे दोघांनी एकमेकांना दिले. पण तो बसला नाही.